जीवन रक्षा पदकासाठी गावातील पोहणाऱ्यांची शिफारस कशी करावी?

प्रश्न (गिरणाकाठ, जळगाव जिल्हा)

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्यानंतर आमच्या गावाच्या खालच्या अंगाला केळीच्या मळ्यात एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी), त्याची बायको आणि दोन मुले अडकली होती. बोट यायला दोन तास लागतील असे तालुक्याहून कळले, तेव्हा गावातील तिघा भोई बांधवांनी केळीचे खांब दोराने आवळून ताफा केला, त्याला ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब बांधल्या आणि चौघांनाही काठावर आणले. हेच तिघे कित्येक वर्षांपासून बुडालेल्यांची प्रेतेही पोलिसांचा निरोप आला की बाहेर काढतात. चहापाण्यापलीकडे त्यांना काही मिळत नाही. त्यांची नावे राष्ट्रीय पदकासाठी पाठवावीत असे ग्रामसभेत ठरले आहे. पण कोणत्या पदकासाठी आणि कोणाकडे, हे कोणालाच नेमके सांगता येईना. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त महसूल कर्मचारी, धुळे)

आपण वर्णन केलेला प्रसंग जीवन रक्षा पदकाचा आहे. हे पदक १९६१ पासून दिले जाते आणि त्याच्या तीन श्रेणी आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. वाचवणाऱ्याने स्वतःच्या जिवाला किती मोठा धोका पत्करला, यावर श्रेणी ठरते. किती माणसे वाचली, यावर नव्हे. शिफारस जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत राज्य शासनाकडे आणि तेथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. दोन वर्षांहून जुनी घटना विचारात घेतली जात नाही, म्हणून वेळ दवडू नये.

तिघांचा एकत्रित प्रस्ताव पाठवू नका. ताफ्यावर कोण होते, दोर कोणी धरला, पाण्यात कोण उतरले, हे प्रत्येकाच्या नावाने वेगळे लिहा. ‘गावकऱ्यांनी शौर्य दाखवले’ अशा गोलमाल वाक्याने फाइल पुढे सरकत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. तिघांपैकी कोणी पोलीस किंवा अग्निशमन दलात असेल आणि त्या वेळी कर्तव्यावर असेल, तर त्याला हे पदक लागू होत नाही.

उत्तर २ (अमळनेर)

वरील माहिती बरोबर आहे. पण त्यात त्या माणसांच्या कामाचा मोठा भाग सुटतो. जीवन रक्षा पदक जिवंत माणूस वाचवल्याबद्दल आहे. चार दिवस पाण्यात राहिलेले प्रेत गळ टाकून शोधणे आणि आप्तांच्या हवाली करणे, ही माझ्या मते त्याहून अवघड सेवा आहे, आणि या पदकात तिला जागाच नाही. त्यासाठी सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्काराचा विचार करावा. तो २३ जानेवारीला जाहीर होतो. व्यक्तीला ५ लाख आणि संस्थेला ५१ लाख रुपये मिळतात, मात्र संस्थेने ती रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्याच कामावर खर्च करायची असते. नामांकन ऑनलाइन भरता येते. आपल्या तिघांची नोंदणीकृत संस्था नसावी, म्हणून सर्वांत जुन्या माणसाचे नाव व्यक्ती म्हणून द्यावे.

उत्तर ३ (चाळीसगाव)

३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरात आमच्याकडे कोणी कोणाला ओढून काढले, हे त्या रात्री कोणीच लिहून ठेवले नाही. नंतर नावे गोळा करायला बसलो, तर प्रत्येक गल्लीची हकीकत वेगळी निघाली. म्हणून वाचलेल्यांचे जबाब आधी घ्या. सालदाराचे साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) संपते. तो दुसऱ्या गावी गेला की आपला मुख्य साक्षीदारच हातचा जाईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. सालदाराचा आणि त्याच्या बायकोचा जबाब कालच सरपंचांसमोर लिहून घेतला. पोलीस ठाण्यात मात्र नोंद सापडली नाही, कारण त्या दिवशी कोणी मेले नव्हते. शेवटी तलाठ्यांकडचा पीक नुकसानीचा पंचनामा कामी आला; त्यात तारीख आहे, गट नंबर आहे आणि केळीच्या बागेत पाणी शिरल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. माणसांचा उल्लेख नाही, तो आता या जबाबांनी जोडायचा आहे. तिघांतील थोरल्या काकांची सही घ्यायला गेलो, तेव्हा जाळे विणता विणता ते म्हणाले, “आम्ही काय पदकसाठे पानीमा उतरनूत का?” सही अजून व्हायची आहे.