दिवंगत स्तंभलेखक मित्राच्या आठवणीत आमचे भांडण लिहावे का?

बेतीकर
आमच्या वाचनालयाने माझ्या एका दिवंगत मित्राच्या पहिल्या स्मृतिदिनी छोटी स्मरणिका काढायचे ठरवले असून, त्यातला मैत्रीविषयीचा लेख माझ्याकडे सोपवला आहे. तो पणजीच्या एका मराठी दैनिकात दर रविवारी सदर लिहीत असे आणि मी कथा लिहिणारा. (आयुष्यभर आम्ही अरे-तुरे केले, म्हणून येथेही 'तो' असेच लिहितो.)

अडचण १९८६ सालाची आहे. राजभाषेचा वाद पेटला होता. तो सदर मराठीत लिहीत असला तरी कोकणीच राजभाषा व्हावी या मताचा होता, आणि मराठीला बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून मी सभांतून बोलत होतो. त्या मे महिन्यात त्याने माझ्या एका भाषणाचा समाचार घेतला आणि त्यात माझा उल्लेख 'आमचे सामान्य मित्र' असा केला. मतभेद मी पचवला असता, पण तो शब्द लागला. मी त्याचे सदर वाचायचे बंद केले आणि त्याच्या घरी जाणेही.

५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेतीच्या माणसांची सारी भिस्त पुन्हा फेरीबोटीवर आली. एका संध्याकाळी धक्क्यावरच्या गर्दीत, भर पावसात, तो नेमका माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चौकशी नाही; खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. ती त्या लेखाची कार्बन प्रत होती आणि तिच्यात निळ्या अक्षरांत स्वच्छ 'सन्मान्य मित्र' असे लिहिलेले होते. छापखान्यात 'सन्मान्य'चे 'सामान्य' झाले, एवढेच तो म्हणाला. बोट बेतीला लागेपर्यंत आम्ही पुन्हा बोलू लागलो होतो. मात्र ती प्रत त्याने मागाहून घरी बसून तयार केली असावी, असा संशय माझ्या मनात राहिला आणि तो मी त्याला कधीच बोलून दाखवला नाही.

स्मरणिकेत हे लिहावे, की त्याच्या शैलीबद्दल चार चांगली वाक्ये लिहून थांबावे?

म्हापशेकर
जरूर लिहा. गोव्यातल्या सदरलेखकाची आठवण वाद वगळून सांगता येईल, असे मला वाटत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. म्हणजे केवळ ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. त्याआधी उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे विलीनीकरणविरोधी सदर 'राष्ट्रमत'मधून प्रसिद्ध होत असे, आणि 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होते. ज्या भाषेच्या नावाने महाराष्ट्रात जाण्याची मागणी होत होती, तिच्यातच त्या मागणीचा प्रतिवाद छापला जात होता. आपल्या मित्राने कोकणीची बाजू मराठीतून मांडली हे बाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल. आपल्याला ते समजते, आणि ते समजावून सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस कोण?

एक मात्र सांभाळा. त्या वादातले तुमचे म्हणणे पुन्हा मांडू नका. तुम्ही आज जे उत्तर द्याल त्यावर पुढच्या रविवारी त्याला लिहिता येणार नाही.

निवृत्त उपसंपादक
लिहिण्याआधी मूळ अंक पाहून घ्या. पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी केल्यास जुन्या फायली पाहायला मिळू शकतील. चाळीस वर्षांपूर्वीच्या शब्दावर लेख बेतायचा, तर तो शब्द डोळ्यांनी पाहिलेला असावा.

छापखान्याचा दोष मला अजिबात अशक्य वाटत नाही. हाताने खिळे जुळवणाऱ्या माणसाला घाईचे हस्ताक्षर वाचावे लागे, जोडाक्षरे दगा देत, आणि 'सामान्य' हा शब्द अचूक असल्याने मुद्रितशोधकाची नजरही त्यावरून सहज घसरत असे. अर्थहीन शब्द छापला गेला तर तो पकडला जातो. अर्थ असलेला चुकीचा शब्द बिनबोभाट सुटतो. अशा चुकीसाठी लेखक आम्हाला फैलावर घेत आणि मग पुढच्या अंकात कुठेतरी तळाला शुद्धिपत्र जाई. तेव्हा त्या रविवारचाच नव्हे, पुढच्या दोन रविवारचे अंकही चाळा. तुम्ही वाचन बंद केले होते ना?

कात्रणवही
मतभेद लिहिण्याला माझा विरोध नाही, पण आधी वहिनींना विचारावे. त्या दोन महिन्यांची झळ त्या घरालाही लागली असेल. शिवाय त्याची खासगी पत्रे छापणार असाल तर लक्षात ठेवा, की पत्राचा कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या निधनानंतर तो वारसांकडे जातो. कार्बन प्रतीलाही हेच लागू आहे.

बेतीकर
सर्वांचा आभारी आहे. वहिनींशी बोललो. तुम्ही घरी यायचे बंद झालात तेव्हा रविवारचा दुसरा चहा उगाच केला जायचा, एवढे सांगून त्यांनी परवानगी दिली. कार्बन प्रतींचा गठ्ठा त्यांनी बांधून ठेवला आहे, पण त्यात ती प्रत नाही.

काल पाटोला जाऊन फाईल पाहिली. 'सामान्य मित्र' तसेच छापलेले आहे. पुढच्या रविवारच्या सदराखाली, शिलाईत अर्धवट गेलेल्या बारीक टायपात, दोन ओळींचे शुद्धिपत्र आहे: मागील लेखात 'सामान्य' ऐवजी 'सन्मान्य' असे वाचावे. ग्रंथालयातल्या मुलाने फाईल जरा ताणून धरली तेव्हा कुठे ते मला पूर्ण वाचता आले.