मदत हवी आहे : मखराचे सहा दिवे क्रमाने लागत नाहीत

मखर_नागपूर : घरच्या गणपतीच्या मखरासाठी ५५५ टायमर (ठरावीक अंतराने ठोके देणारी चिप) आणि काउंटर (ते ठोके मोजून एकेक आउटपुट चालू करणारी चिप) वापरून सहा एलईडी एकापाठोपाठ लागतील असे सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) जुळवले आहे, परंतु दिवे मध्येच उड्या मारतात आणि हात जवळ नेला की क्रम पूर्ण बिघडतो. सीताबर्डीहून दोनदा नवा आयसी (चिप) आणला. स्थापना परवा आहे, कृपया लवकर सांगावे.

जुना_रेडिओ : काउंटर कोणता, व्होल्टेज किती आणि न वापरलेल्या पिना कुठे जोडल्या आहेत, हे आपण लिहिलेले नाही.

महालकर : माझे मत विचाराल तर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घ्यावा. वेग बदलायचा तर प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की झाले.

जुना_रेडिओ : परवा स्थापना आहे, भाऊ. वेगच बदलायचा असेल तर ५५५ चा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) काढून १० चा लावला की तो दहापट कमी होतो.

मखर_नागपूर : काउंटर ४०१७, बॅटरी ९ व्होल्ट. १३ आणि १५ या पिना रिकाम्या आहेत, कारण माझ्याकडच्या आकृतीत त्या दाखवलेल्याच नाहीत.

जुना_रेडिओ : दोष तिथेच आहे. ४०१७ सीमॉस जातीचा, म्हणजे इनपुटला जवळजवळ करंटच न लागणारा असल्यामुळे त्याची इनपुट पिन मोकळी राहिली, तर नुसता हात जवळ आल्यानेही तिची पातळी बदलते. १३ ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. दिवे ३, २, ४, ७, १०, १ या पिनांवर याच क्रमाने हवेत. हा आयसी दहा पायऱ्या मोजतो, म्हणून सातवे आउटपुट असलेली पिन ५ ही १५ ला, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्या रीसेटला जोडा. नाहीतर सहाव्या दिव्यानंतर चार ठोके अंधार राहील.

फुटाळा : २३० व्होल्टचे दिवे लावायचे असल्यास ट्रान्झिस्टर आणि रिले (विजेने चालणारा स्विच) लागेल, ती तार ब्रेडबोर्डवर मुळीच आणू नये.

मखर_नागपूर : मोठे दिवे नकोत. क्रम आता बरोबर आला, तरी अधूनमधून एखादा दिवा गाळला जातो.

महालकर : बॅटरी उतरली असेल.

जुना_रेडिओ : बॅटरी नवी असली तरी असे होते. ५५५ चे आउटपुट पालटताना तो क्षणभर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज डळमळते आणि काउंटर एका पल्सच्या (ठोक्याच्या) दोन मोजतो. ५५५ च्या ८ आणि १ या पिनांमध्ये, आयसीला अगदी लगटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

मखर_नागपूर : लावला. अर्धा तास झाला, एकही दिवा गळलेला नाही. मनापासून आभार.

जुना_रेडिओ : आनंद वाटला. मात्र ब्रेडबोर्ड तसाच मखरात ठेवू नका. आज रात्रीच सर्व भाग तांब्याच्या छिद्रांच्या पट्टीवर सोल्डर करून घ्या.