मेताल युर्बँ : ड्रमर नसलेला पंक बँड
सुरुवातीचे फ्रेंच पंक, म्हणजे तिथले वेगवान, बंडखोर रॉक संगीत, ही लंडनच्या पंकची नक्कल होती, हे मत मला पटत नाही. पॅरिसमध्ये १९७६ साली उभ्या राहिलेल्या ‘मेताल युर्बँ’मध्ये ना ड्रमर होता, ना बास गिटार, ड्रम मशीनच्या कोरड्या, न थकणाऱ्या ठोक्यांवर सिंथेसायझरची खरखर आणि करवतीसारख्या गिटारी चढत जात, आणि त्या सगळ्यावर फ्रेंचमधली आरोळी. हे उसने आणलेले नव्हते. उलट लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने १९७८ साली आपली पहिलीवहिली तबकडी काढली, ती यांचीच ‘पारी माकी’. मायदेशात मात्र त्यांची फारशी कदर झाली नाही, याची हळहळ वाटते. तीन छोट्या तबकड्या काढून १९८०च्या सुमारास बँड मोडला. पुढे शिकागोच्या ‘बिग ब्लॅक’ या बँडने ड्रम मशीनवर जो आवाज उभारला, त्यावरचा ‘मेताल युर्बँ’चा प्रभाव त्या बँडचे प्रमुख स्टीव्ह अल्बिनी यांनी मोकळेपणाने मान्य केला होता.