मदत हवी आहे: लोकअदालतीच्या तडजोडी स्कॅन करण्याचा खर्च कुठे विचारायचा?

बांधाच्या वादात वडिलांनी २००९ साली लोकअदालतीत तडजोड केली. नक्कल घरी आहे, पण टाचणीच्या गंजाने नेमका गट नंबरच खाल्लाय. कोर्टात विचारलं तर "स्कॅनिंग चालू आहे", एवढंच उत्तर. ई-कोर्ट्स म्हणजे कोर्टांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा प्रकल्प; त्याच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले, त्यातले २,०३८.४० कोटी दप्तर स्कॅन करून जपायलाच. म्हणजे पैसा आहे की! लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा, वर अपीलही नाही. असा कागद गेला तर दाखवायचं काय? आमच्या जिल्ह्यात यावर किती खर्च झाला ते माहिती अधिकारात विचारायचंय. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे करू की लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे? कुणाकडे मसुदा असेल तर प्लीज टाका.