जुनी उपकरणे आणि घराची वायरिंग : आपले अनुभव लिहावेत

गेल्या जुलैमध्ये आमच्या नौपाड्यातल्या घरी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडू लागला. वायरमनने गीझरवर बोट ठेवले, आणि गीझर बंद ठेवल्यावर त्रास थांबलाही. पण पुढच्या आठवड्यात गीझर चालू ठेवून नुसते वॉशिंग मशीन काढले, तरी तो थांबला, आणि एकदा फ्रिज काढून पाहिला, तेव्हाही तेच झाले. शेवटी दुसऱ्या वायरमनने गळती मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. गीझर ११, वॉशिंग मशीन ६ आणि अठरा वर्षांचा फ्रिज ४ मिलिअँपियर गळत होता. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी ३० ला पडलाच पाहिजे, पण तो १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो, आणि आमचा २० च्या आसपास पडत होता. म्हणजे एकटे कोणतेच उपकरण त्याला पाडत नव्हते. तिन्ही सोबत चालली की बेरीज भरत असे, आणि पावसाळी दमटपणाने तिन्हींची गळती वाढलेली होती.

असेच अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. उपकरण कोणते आणि किती जुने होते, त्रास कोठे दिसला आणि दोष प्रत्यक्षात कोठे सापडला, एवढे आवर्जून सांगावे.

वाशीहून

आमची इमारत ऐंशीच्या दशकातली असून आतल्या तारा ॲल्युमिनियमच्या होत्या. खिडकीतल्या दीड टनी एसीचा सॉकेट एका बाजूने तपकिरी होत चालला होता आणि दुपारी त्या भिंतीपाशी गेले की जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असे. एसी चौदा वर्षांचा असल्यामुळे तोच जास्त वीज ओढत असणार, असे सर्वांनी ठरवून टाकले आणि आम्ही नवा घेतला. दीड महिन्यात नवा प्लगही काळा पडला.

तेव्हा मात्र बोर्ड उघडायला लावला. सॉकेटमागचा स्क्रू बोटाने अर्धा फेरा फिरत होता, तारेच्या टोकावर पांढुरकी पूड धरली होती आणि तिच्यावरचे आवरण वाळलेल्या शेंगेसारखे टचकन तुटत होते. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, रोज तापून आणि निवून सांधा सैल पडतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर धरणारा ऑक्साइडचा थर वीज नीट जाऊ देत नाही. सांध्यात अर्धा ओहम रोध असेल आणि त्यातून ९ अँपियर जात असतील, तर त्या एका टोकाशी ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न बोर्डात ठेवून दिल्यासारखेच ते. आता एसीसाठी मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढली आहे. जुना एसी निष्कारण बदनाम झाला, याचे अजूनही वाईट वाटते, कारण तो थंड उत्तम करत होता.

घोडबंदर रस्त्यावरून

आमच्याकडे दोष उपकरणाचाच निघाला. संकुलात अनेक वर्षे बोअरवेल आणि टँकरचे जड पाणी येत होते. गीझरचा एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर बोटभर जाडीचे क्षार होते आणि खाली नळीला केसाएवढी चीर गेलेली होती. नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओलावा धरते आणि मग करंट पाण्यात उतरतो. एलिमेंट बदलला, प्रश्न मिटला.

कोपरीहून

सासूबाईंची इस्त्री तीस वर्षांची आणि दोन पिनांची आहे. पावसाळ्यात तिला हात लावला की मुंगी चावल्यासारखे होते, म्हणून त्या रबरी चप्पल घालूनच इस्त्री करतात. मी तीन पिनांचा प्लग आणि नवी वायर बसवून घेतली आणि निश्चिंत झाले, तरी मुंगी चावतेच. घर चाळीतले आहे आणि आरसीसीबी नाही.

नेरूळहून

मी चाळीस वर्षे वायरिंगची कंत्राटे घेतली. कोपरीच्या ताईंनी प्लगपेक्षा सॉकेट आधी तपासून घ्यावा. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे बहुधा अर्थिंगची तारच नसते, आणि काही कारागीर तेथे न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) तुकडा जोडून मोकळे होतात, हे त्याहून वाईट. मागे कोठे न्यूट्रल तुटला की इस्त्रीच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

आता फ्रिजविषयी. कॉम्प्रेसर सुरू होताना तो चालू असतानाच्या कित्येक पट वीज क्षणभर ओढतो, म्हणून दिवे जरासे मंद होणे स्वाभाविक आहे. पण दिवे मंद होण्याऐवजी एकाएकी प्रखर झाले, तर फ्रिजकडे पाहत बसू नये. एका इमारतीत बावीस वर्षांच्या फ्रिजला दोष देत मंडळी बसली होती आणि मीटरच्या खोलीत तीन फेजचा (इमारतीत वीज आणणाऱ्या तीन तारांचा) सामाईक न्यूट्रल सैल झाला होता. अशा वेळी ज्या घरात भार कमी असतो तेथे व्होल्टेज ३०० च्याही पुढे जाते. त्या दिवशी दोन टीव्ही गेले. जुना फ्रिज तेवढा बंद असल्यामुळे वाचला.

कोपरीहून, पुन्हा

नेरूळच्या काकांचा प्रतिसाद वाचून काल सॉकेट उघडून घेतला. आत हिरव्या वायरचा चार बोटे लांबीचा तुकडा होता आणि त्याचे दुसरे टोक न्यूट्रलच्या स्क्रूखाली घातलेले होते. रंग हिरवा, म्हणून टेस्टर लावणाऱ्याला शंकाही आली नसती. वायरमनने तो तुकडा काढून टाकला. अर्थिंगची तार मीटरबोर्डापासून भिंतीवरच्या पट्टीतून आणायला दोन दिवस लागतील, आरसीसीबीही त्याच वेळी बसेल, आणि तोवर इस्त्री कपाटात ठेवली आहे. सासूबाईंनी कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे पाठवले आणि एका शर्टाचे किती घेतले, ते सकाळपासून तीनदा सांगितले.