मदत हवी आहे: कॅलिब्रेशन शिकणारी मुलं ‘यायला हवं तेच’ रीडिंग लिहितात

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिनिंग कंपनीत स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासायची खोली, माझ्याकडे आहे. स्लिप गेजचा (अचूक जाडीच्या स्टीलच्या ठोकळ्यांचा) मास्टर सेट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबकडून कॅलिब्रेट करून, म्हणजे ज्ञात मापाशी ताडून, आणतो. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल आम्ही आमच्याकडेच करतो. हाताखाली आयटीआय झालेली दोन मुलं दिली आहेत. कामसू आहेत, स्लिप पुसणं, रिंगिंग करणं (स्लिप एकमेकींना घासून चिकटवणं), मायक्रोमीटरचा रॅचेट (दाब सारखा ठेवणारी टोकाची चकती) फिरवणं सगळं नीट शिकली.

मागच्या आठवड्यात ०-२५ मिमीचा एक मायक्रोमीटर त्यातल्या एकाने केला. स्लीव्हवर व्हर्नियर असलेला, लीस्ट काउंट (सर्वात लहान वाचता येणारं माप) ०.००१ मिमी, म्हणजे एक मायक्रॉन. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असं करत २५ पर्यंत दहा पॉइंट घेतो आम्ही. (आकडे असे वेडेवाकडे असल्यामुळे थिंबल, म्हणजे फिरणारा भाग, वेगवेगळ्या जागी थांबतो, नाहीतर स्क्रूचा दोष लपून राहतो.) दहाच्या दहा रीडिंग गेल्या वर्षीच्या शीटशी मायक्रॉनलाही फरक न पडता जुळली. इतकं जुळत नसतं. मी स्वतः बसून पुन्हा घेतली तर १२.९ ला ६ मायक्रॉन फरक! आमची मर्यादा ±४ मायक्रॉन. लाइनवर त्या मायक्रोमीटरने दिवसभर १३ मिमीच्या आसपासची पिन मोजतात, स्क्रू तिथेच झिजला असणार. ०ला आणि २५ला एकदम बरोबर.

मुलाला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, “सर, मलाही ६ च दिसत होतं. पण मागच्या वर्षी ओके होता, म्हणून वाटलं माझंच चुकत असेल.”

मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं. त्याने बरोबर मोजलं होतं आणि स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही. बाहेरची ट्रेनिंग बघितली, पण आयएसओ १७०२५ (कॅलिब्रेशन लॅबसाठीचं मानक) चे बहुतेक कोर्स कलमं, कागदपत्रं आणि अनसर्टन्टीचं (मोजमापातल्या अनिश्चिततेचं) गणित यावरच असतात. हाताला आणि डोळ्याला भरवसा कसा द्यायचा, ते तुम्ही तुमच्याकडे कसं करता?

दुसरं, सोकिंग, म्हणजे मोजण्याआधी उपकरण रूमच्या तापमानाला येऊ देणं. आमची रूम २० अंशांवर, पण सध्या मशीन शॉपमध्ये ३८ असतं. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १८ अंशांच्या फरकाला २५ मिमीवर ५ मायक्रॉन. मर्यादा तिथेच संपली. पण लाइनवाले अर्ध्या तासात मायक्रोमीटर परत मागतात. त्यांना कसं थोपवता?

प्रतिसाद १:
मी चाकणला आहे, हेच भोगलंय. आधी जुनी शीट त्यांच्या हातातून काढून घ्या. शिकणाऱ्याला जुनं रीडिंग दिसताच कामा नये. मी स्वतः दोन-तीन स्लिप जोडतो, आकडे खाली करून देतो, साइज माझ्या वहीत. मुलाने नुसतं मोजून लिहायचं. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, मग शेजारी ठेवून बघायचं. आणि तुमचा तो १२.९ वाला भंगारात टाकू नका! लाल टॅग लावून ट्रेनिंगला ठेवा. दोष सापडला की शाबासकी, हे पोरांना एकदा कळू द्या. भरवसा आपोआप येतो.

प्रतिसाद २:
सोकिंगसाठी आम्ही आदल्या संध्याकाळीच इन्स्ट्रुमेंट जमा करतो, रात्रभर रूममध्ये राहतं. लाइनला बदली म्हणून त्याच रेंजचे दोन मायक्रोमीटर फिरते ठेवलेत. मॅनेजरला खर्च पटत नव्हता. तुम्ही मांडलंत तेच ५ मायक्रॉनचं गणित दाखवलं, लगेच सही केली. मुलांना स्लिप उघड्या हाताने धरू देऊ नका, बोटांची ऊबही पुरते.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बदलीच्या मायक्रोमीटरची मागणी आज दिली. झाकलेल्या स्लिपचा प्रयोग सकाळी केला. आठ साइज दिल्या. त्याच मुलाचं एक रीडिंग दुसऱ्या मुलाच्या रीडिंगपेक्षा ३ मायक्रॉनने वेगळं आलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “खोडू का?” म्हटलं, खोडायचं नाही, खाली दुसरं घे. त्याने स्लिप पुन्हा पुसली, दहा मिनिटं थांबला, परत मोजलं आणि पुन्हा तेच लिहिलं. माझ्या वहीतही तेच होतं. आता दर शनिवारी तासभर हेच करणार आहे.