मॅरेथॉनला पंधरा दिवस राहिलेत, आता 35 किलोमीटर कशासाठी?

बीड बायपास : जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. आमच्या क्लबातले अकरा जण फुल, म्हणजे पूर्ण 42 किलोमीटर, पळणार आहेत, त्यातले सात पहिल्यांदाच. काल ग्रुपवर मेसेज आला : येत्या रविवारी पहाटे साडेचारला संभाजीनगरच्या क्रांती चौकातून निघायचं, दौलताबादचा घाट चढायचा, परत यायचं. एकूण 35 किलोमीटर. सगळ्यांनी यायचंच.

मी जाणार नाही. कुणीच जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज केलेली मेहनत अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे या रविवारच्या 35 चा फायदा शर्यतीच्या दिवशी मिळणार नाही, थकवा मात्र सोबत येईल. आमचा 32 चा लाँग रन डिसेंबरात झालाय. आता अंतर कमी करत न्यायचं, वेग थोडा जिवंत ठेवायचा आणि झोप पुरी करायची.

आणि घाट चढण्यापेक्षा उतरणं वाईट. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, तिथंच ते फाटतात. मागच्या वर्षी याच पंधरवड्यात माझ्यासोबतचा मित्र घाट उतरून आला आणि परतीच्या वाटेवर मिटमिट्याला रस्त्याच्या कडेला गुडघा धरून बसला. मी त्याच्या बुटाची लेस सोडली तेव्हा त्याचे हात थरथरत होते. चार महिने पहाटे उठलेला माणूस. मुंबईला जायचं देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट त्यानं त्याच दिवशी रद्द केलं.

परभणीकर : भाऊ, मित्राचं वाईट वाटलं, पण एका गुडघ्यावरून सगळ्यांना घरी बसवू नका. जो कधी 32 च्या पुढं गेलाच नाही त्याला उरलेले 10 काय असतात हे मुंबईतच कळू द्यायचं? पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, पाय संपल्यावर. घाट केलेला असला की तिथं मन खचत नाही. मी पहिल्या फुलच्या आधी सोळा दिवसांवर 36 पळालो होतो, चांगला पळालो. आमच्या ज्योती गवतेनं 2017 ला मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला नंबर काढला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. ही माणसं पाय वाचवत बसली असती तर?

बीड बायपास : साबळेनं 2020 ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) 1 तास 30 सेकंदांत मारली, राष्ट्रीय विक्रम. त्याचं पळणं हेच काम. आपल्या ग्रुपात एक जण दिवसभर कापडाच्या दुकानात उभा असतो, दुसऱ्याची नाईट ड्यूटी. 35 पळून आल्यावर ते आराम कधी करणार? तुम्हाला सोळा दिवस पुरले, पण तुमचं पळणं किती वर्षांचं होतं?

लातूरची आई : दादा, 35 नको हे पटलं. पण "मी जाणार नाही" हे अजिबात पटलं नाही. मी औसा रोडला पहाटे पाचला एकटी पळू शकत नाही. ग्रुप आला तर मी बाहेर पडते. मागच्या वेळी आमच्या क्लबानं शेवटचे तीन आठवडे "ज्यानं त्यानं आपापलं बघा" म्हणून सोडून दिलं. पुरुष मंडळी पळत राहिली, आम्ही चौघी घरातच अडकलो. अंतर कमी करा, रविवार मोडू नका.

जालन्याहून : घाटावरून भांडताय, हवेचं कुणी बोलेना. आपल्याकडं या दिवसांत पहाटे अंग काकडतं, हवा कोरडी. घाम जागच्या जागी वाळतो, कपाळावर मिठाची पांढरी रेघ उरते. मुंबईत घाम वाळतच नाही, निथळत राहतो, म्हणून अंग गार होत नाही. इथल्या वेगानं तिथं सुटलात तर पंचविसाव्या किलोमीटरलाच दम लागेल. किलोमीटरमागं पंधरा-वीस सेकंद सैल धरा. आणि भीतीपोटी प्रत्येक टेबलावर साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर माणूस आडवा होतो. मीठ-साखरेचं पाणी, जेल, जे घ्यायचं ते याच दोन रविवारी घेऊन बघा. नवे बूटही आता नकोत.

बीड बायपास : लातूरच्या ताई, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. आमच्याही ग्रुपात तिघी आहेत आणि मी त्यांचा विचारच केला नाही. आत्ताच कोचना फोन केला. मी रविवारी साडेचारला क्रांती चौकात असेन. मिटमिट्यापर्यंत जाऊन परत, सोळा-सतरा, सपाट, बोलता येईल अशा वेगानं. ज्यांना माझ्यासोबत वळायचं त्यांनी वळावं. कोच म्हणाले, पहिल्यांदा पळणाऱ्या सातही जणांना ते स्वतः विचारतील.

परभणीकर : विचारा, पण घाबरवून विचारू नका. ज्याचे पाय ताजे आहेत त्याला चढू द्या. आणि निदान उतरताना तरी त्यांना गाडीत बसवा, एवढं तुमचं मला मान्य आहे.